देशांना गुण देताना: एलजीबीटीक्यू हक्कांचं संरक्षण मोजायची पद्धत

दोन माणसं, एक स्प्रेडशीट आणि आठ-दहा देश एवढ्या भांडवलावर हे काम नीट होतं. एका दमात दोनशे देश घेतले तर शेवटचे दीडशे विकिपीडियावरून भरले जातात आणि तक्त्याला काही अर्थ उरत नाही. वर्गातल्या प्रकल्पासाठी, संस्थेच्या अहवालासाठी किंवा बातमीसाठी स्वतःचा तक्ता हवा असेल, तर एका देशाला एका माणसाचे दोन-तीन दिवस धरा आणि खालच्या क्रमाने जा.

तयार निर्देशांक असताना स्वतःचा कशाला? तर प्रत्येक निर्देशांक वेगळी गोष्ट मोजतो आणि ती तुमच्या प्रश्नाशी जुळेलच असं नाही. इल्गा-युरोप या एलजीबीटी संघटनांच्या महासंघाचा ‘रेनबो मॅप’ 2009 पासून निघतो, त्यात युरोपातले 49 देश असतात आणि तो कायदा व धोरण यांनाच गुण देतो. लोकांचे रोजचे हाल त्यात येत नाहीत, आणि तसा त्यांचा दावाही नाही. अमेरिकेतल्या फ्रँकलिन अँड मार्शल कॉलेजचा बॅरोमीटर देशांना ‘ए’ ते ‘एफ’ अशी श्रेणी देतो. इक्वालडेक्स हे संकेतस्थळ कायद्याचे गुण आणि जनमताचे गुण यांची सरासरी काढतं. त्यातली माहिती स्वयंसेवक भरतात. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या विल्यम्स इन्स्टिट्यूटचा निर्देशांक समाज कितपत स्वीकारतो एवढंच बघतो. या सगळ्यांची मिळून सरासरी काढायचा मोह टाळा. तीन ठिकाणी एकच कायदा मोजलेला असतो, तो तुमच्याकडे तिप्पट वजनाने येतो.

आधी ‘संरक्षण’ कशाला म्हणायचं ते ठरवा

नवखा माणूस पहिला रकाना करतो तो ‘समलिंगी संबंध गुन्हा आहे का?’ हा. हा रकाना लागतोच, पण एकटा ठेवला तर फसवतो. रशियाने पुरुषांमधल्या संमतीच्या संबंधांवरची शिक्षा 1993 मध्येच काढली. म्हणजे या रकान्यात रशियाला पूर्ण गुण. पण त्याच रशियाने 2013 मध्ये अल्पवयीनांपुढे ‘प्रचार’ करायला बंदी घातली, 2022 च्या अखेरीस ती सगळ्यांसाठी लागू केली, जुलै 2023 मध्ये लिंगबदलाची कायदेशीर आणि वैद्यकीय वाट बंद केली आणि 30 नोव्हेंबर 2023 ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ’ अतिरेकी ठरवली. अशी कुठली नोंदलेली संघटना अस्तित्वातच नाही, त्यामुळे हे लेबल कोणालाही लावता येतं. शिक्षा नसणं आणि संरक्षण असणं यांत केवढं अंतर असतं, ते या एका ओळीत दिसतं.

दुसरी चूक म्हणजे सगळ्यांना एकाच गठ्ठ्यात बांधणं. इराणमध्ये समलिंगी संबंधांना मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे, पण लिंगबदल शस्त्रक्रिया कायद्याने चालते आणि कागदपत्रंही बदलून मिळतात. एकच आकडा दिला तर यातलं एक सत्य दुसऱ्याला गिळतं. सिंगापूरचं 377ए हे कलम फक्त पुरुषांना लागू होतं. ते 3 जानेवारी 2023 ला रद्द व्हायच्या आधीही स्त्रियांच्या रकान्यात वेगळं उत्तर आलं असतं. तेव्हा जिथे उत्तर गटागणिक बदलू शकतं, तिथे चार उभे रकाने ठेवा: समलिंगी पुरुष, समलिंगी स्त्रिया, ट्रान्स व्यक्ती (जन्मावेळी नोंदलेलं लिंग स्वतःचं न मानणाऱ्या), इंटरसेक्स व्यक्ती (ज्यांचं शरीर जन्मतःच स्त्री किंवा पुरुष या ठरीव साच्यात बसत नाही). उभयलैंगिक, म्हणजे स्त्री-पुरुष दोघांचंही आकर्षण असलेल्या, व्यक्तींसाठी कायद्यात वेगळी तरतूद क्वचितच असते, म्हणून त्यांचा रकाना कायद्याच्या भागात नको. सर्वेक्षणाची आकडेवारी घेताना मात्र तो लागतो.

पाया म्हणून योग्यकर्ता तत्त्वं घ्या. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात नोव्हेंबर 2006 मध्ये कायदेतज्ज्ञांच्या बैठकीत ठरलेली ही 29 तत्त्वं 2007 मध्ये प्रसिद्ध झाली आणि 2017 मध्ये त्यात आणखी 9 जोडली गेली. ती कुठल्याही देशावर बंधनकारक नाहीत. पण ‘हाच निकष का घेतला?’ असं कोणी विचारलं तर बोट ठेवायला जागा मिळते.

प्रश्न लिहिणं: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

तीस प्रश्न पुरतात. आमची वाटणी अशी: शिक्षा 5, भेदभाव 6, ओळख 5, कुटुंब 5, शरीराची सुरक्षा 4, संघटना आणि अभिव्यक्ती 5. तीसच्या वर गेलात की शेवटचे प्रश्न पहिल्यांचीच पुनरावृत्ती असतात.

‘भेदभावविरोधी कायदा आहे का?’ हा प्रश्न वाईट आहे, कारण त्याला जवळपास प्रत्येक देशात ‘तसा आहे’ असं उत्तर मिळतं. चांगला प्रश्न असा: ‘खासगी कंपनीने एखाद्याला तो समलिंगी आहे म्हणून कामावरून काढलं, तर नुकसानभरपाई किंवा पुन्हा नोकरी मागायला लिखित कायद्यातलं नेमकं कोणतं कलम आहे?’ यात माणूस आहे, प्रसंग आहे, मागणी आहे. कलमाचा क्रमांक देता आला नाही तर गुण नाही. प्रत्येक प्रश्न या साच्यात बसवा. ओळखीच्या भागात ‘लिंग बदलता येतं का?’ असं न विचारता पाच तुकडे करा: कागद मिळतो का, शस्त्रक्रियेची अट आहे का, नसबंदीची अट आहे का, घटस्फोट घ्यावा लागतो का, आणि स्त्री-पुरुषांखेरीज तिसरी नोंद होते का. जपानमध्ये लिंगनोंद बदलण्याचा कायदा 2004 पासून लागू आहे. प्रजननक्षमता नष्ट करण्याची त्यातली अट तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 25 ऑक्टोबर 2023 ला घटनाबाह्य ठरवली. ढोबळ प्रश्नाला 2004 मध्येही ‘हो’ आणि 2024 मध्येही ‘हो’ असंच उत्तर येतं, आणि मधला सगळा लढा तक्त्यातून गायब होतो.

गुण तीनच: 0, अर्धा, 1. अर्ध्याची व्याख्या आधी लिहून ठेवा, नाहीतर अर्धा हा ‘कळत नाही’चा दुसरा अवतार होतो. आमची व्याख्या: तरतूद आहे पण ती ठरावीक गटापुरती किंवा ठरावीक क्षेत्रापुरती आहे, किंवा फक्त न्यायालयाच्या निकालावर उभी आहे आणि कायद्यात उतरलेली नाही. एवढ्यालाच अर्धा. याखेरीज दोन खुणा ठेवा, ‘माहिती मिळाली नाही’ आणि ‘लागू नाही’. रिकामा रकाना आणि शून्य यांत गल्लत झाली की स्प्रेडशीट गुपचूप सरासरी बिघडवते, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

कागदावर असलेली पण न वापरली जाणारी शिक्षा कशी मोजायची यावर हमखास वाद होतो. ती शून्यच धरा. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या टूनन प्रकरणात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने 1994 मध्ये हेच म्हटलं होतं: तिथल्या टास्मानिया राज्यातलं समलिंगी संबंधांविरुद्धचं कलम वर्षानुवर्षं वापरलं गेलं नव्हतं, तरी ते नुसतं अस्तित्वात असणंही खासगीपणाच्या हक्काचा भंग ठरतं. व्यवहारातही तसंच असतं. कलम वापरून खटला चालत नाही, पण ते दाखवून पोलीस पैसे उकळतात आणि घरमालक घर नाकारतो.

तारीख ठरवा आणि तिला चिकटून राहा

‘सध्या’ हा शब्द तक्त्यात नको. एक दिवस ठरवा. या लेखातल्या गुणांसाठी 31 डिसेंबर 2024 धरला आहे. थायलंडचा विवाह समानतेचा कायदा 24 सप्टेंबर 2024 ला राजपत्रात आला, पण अमलात आला 23 जानेवारी 2025 ला. आपल्या तारखेला त्याचा गुण किती? शून्य, आणि शेऱ्यात लागू होण्याची तारीख. मंजूर झालेल्या नाही, लागू असलेल्या कायद्याला गुण, हा नियम सगळ्यांना सारखा लावा. आवडत्या देशाला सवलत नको. उलट बाजूचं उदाहरण त्रिनिदाद आणि टोबॅगोचं. तिथल्या उच्च न्यायालयाने 2018 मध्ये समलिंगी संबंधांवरची शिक्षा रद्द केली होती, म्हणून 31 डिसेंबर 2024 ला त्या रकान्यात अर्धा गुण मिळतो. 25 मार्च 2025 ला अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. तारीख नसलेला तक्ता या दोन्ही देशांबद्दल तीन महिन्यांत खोटा ठरला असता.

निकालावर उभ्या हक्काला अर्धाच गुण का, याचंही उत्तर त्रिनिदादमध्ये आहे. भारतीय वाचकाला ते वेगळं सांगायला नको: दिल्ली उच्च न्यायालयाने 2 जुलै 2009 ला संमतीचे समलिंगी संबंध दंडविधानाच्या कलम 377 मधून वगळून दिलेलं संरक्षण सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 2013 ला काढून घेतलं आणि 6 सप्टेंबर 2018 ला परत दिलं.

पुरावा कुठून आणायचा

क्रम असा ठेवा: राजपत्र किंवा कायद्याचा मूळ मजकूर, मग न्यायालयाचा पूर्ण निकाल, मग संयुक्त राष्ट्रांच्या समित्यांपुढे देशाने मांडलेले अहवाल आणि त्याला उत्तर म्हणून स्थानिक संस्थांनी दिलेले पर्यायी अहवाल, मग इल्गा वर्ल्ड या जागतिक महासंघाचा माहितीसाठा, सगळ्यात शेवटी वर्तमानपत्र. विकिपीडियावरून कलमाचा क्रमांक शोधायला हरकत नाही, पण गुण मूळ मजकूर बघूनच द्या.

जाळ्यावर सापडलेला कायदा जिवंत आहे का ते तपासा. युगांडाचा 2014 चा समलिंगीविरोधी कायदा त्याच वर्षी 1 ऑगस्टला घटनात्मक न्यायालयाने गणसंख्या नव्हती म्हणून रद्द केला. त्याचा मजकूर अजून ठिकठिकाणी पडलेला आहे. 2023 चा कायदा वेगळा, जास्त कडक, आणि एप्रिल 2024 च्या निकालानंतरही बराचसा कायम. दोन्हींची नावं जवळजवळ सारखीच, त्यामुळे घोळ होतोच.

प्रत्येक रकान्यामागे सहा गोष्टी नोंदवा: गुण, कलम किंवा निकालाचा परिच्छेद, मूळ भाषेतलं वाक्य, लागू झाल्याची तारीख, दुवा (वेबॅक मशीन या जुनी वेबपानं जपणाऱ्या संकेतस्थळावर जतन करून), गुण देणाऱ्याची आद्याक्षरं. मूळ वाक्य यंत्राच्या भाषांतरातून वाचणार असाल तर ‘लिंग’ या शब्दापाशी थांबा. कायद्यात शरीराचं लिंग म्हटलंय, सामाजिक लिंगभाव म्हटलाय की लैंगिक कल, हे भाषांतरात नेहमी सरमिसळतं, आणि सगळा गुण त्यावर अवलंबून असतो.

आता एक देश नीट सोडवून बघू. भारत घेऊ, कारण मजकूर सहज मिळतो आणि बहुतेक सगळे सापळे इथे आहेत.

शिक्षेचा भाग सोपा वाटतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात 377 सारखं कलमच नाही. संमतीच्या संबंधांच्या रकान्यात 1. इथे निकाल नाही, खुद्द कायदाच बदललाय, म्हणून पूर्ण गुण. पण शरीराच्या सुरक्षेच्या भागात जा. 2018 नंतरही 377 हे संमतीविना झालेल्या कृत्यांसाठी शिल्लक होतं. ते गेल्यावर प्रौढ पुरुषावरच्या बलात्काराला नव्या संहितेत तसं कलम उरलं नाही. ट्रान्स व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचं संरक्षण) कायद्याच्या कलम 18 मध्ये सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आहे, आणि स्त्रीवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं. म्हणजे एकाच बदलाने एका भागात गुण वाढला आणि दुसऱ्यात घटला. पुरुषांच्या रकान्यात 0, ट्रान्सच्या रकान्यात अर्धा.

नोकरीचा प्रश्न. राज्यघटनेच्या कलम 15 मधल्या ‘लिंग’ या आधारात लैंगिक कल येतो, असं 2018 च्या नवतेज सिंग जोहर निकालात म्हटलं आहे, पण भेदभाव न करण्याचं ते बंधन मुख्यतः शासनावर. खासगी कंपनीविरुद्ध समलिंगी माणसाला दाखवायला कायदा नाही, तिथे 0. ट्रान्स व्यक्तीसाठी 2019 च्या कायद्याचं कलम 9 आहे आणि ते खासगी आस्थापनांनाही लागू होतं. मग 1 द्यायचा? शिक्षा सांगणारं कलम 18 पुन्हा वाचा: त्यात वेठबिगारी आहे, सार्वजनिक जागी मज्जाव आहे, घराबाहेर काढणं आणि मारहाण आहे, नोकरी नाकारणं नाही. हक्क लिहिलाय, तो मोडणाऱ्याला दंड लिहिलेला नाही. आमच्या व्याख्येत हे बसत नाही, म्हणून व्याख्येलाच एक पोटनियम जोडावा लागतो: ‘उपाय नसलेल्या हक्काला अर्धा’. असा पोटनियम जोडला की आधी गुण दिलेले सगळे देश मागे जाऊन पुन्हा तपासायचे. कंटाळवाणं आहे, पण हे टाळलं की पहिले आणि शेवटचे देश वेगवेगळ्या फूटपट्टीने मोजले जातात.

कुटुंबाच्या भागात सर्वोच्च न्यायालयाचा 17 ऑक्टोबर 2023 चा सुप्रियो निकाल पुरेसा आहे: समलिंगी विवाहाला मान्यता नाही. तिथे 0. मात्र ट्रान्स व्यक्ती भिन्नलिंगी नात्यात असेल तर चालू विवाह कायद्यांखाली लग्न करू शकते, हे त्याच निकालात आहे. रकाने वेगळे केले नसते तर हे निसटलं असतं.

संघराज्यं

अमेरिका, मेक्सिको, नायजेरिया, इंडोनेशिया, भारत यांना एकच गुण देणं अवघड जातं. इंडोनेशिया संघराज्य नाही, पण तिथल्या स्वायत्त आचे प्रांतात समलिंगी संबंधांना शंभर फटक्यांपर्यंत शिक्षा आहे. 31 डिसेंबर 2024 ला देशाच्या फौजदारी कायद्यात प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवर तशी बंदी नाही. लोकसंख्येच्या प्रमाणात सरासरी काढली तर आचे जवळजवळ दिसेनासा होतो. आमचा सल्ला: दोन आकडे द्या, एक राष्ट्रीय आणि एक सर्वांत वाईट प्रांताचा. माणूस देशात कुठेही गेला तरी त्याला किमान किती संरक्षण मिळतं, ते दुसरा आकडा सांगतो.

चांगल्या बाजूचा फरकही नोंदवा. तमिळनाडूने 2019 मध्ये इंटरसेक्स बाळांवरच्या अनावश्यक शस्त्रक्रियांना बंदी घातली. कर्नाटकाने 2021 मध्ये सरकारी नोकरीत ट्रान्स व्यक्तींना एक टक्का समांतर आरक्षण दिलं. महाराष्ट्रात पोलीस भरतीच्या अर्जात तिसरा पर्याय यायला डिसेंबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला राज्य सरकारला सुनवावं लागलं, आणि अडलं होतं कुठे, तर शारीरिक चाचणीचे निकष ठरवलेले नव्हते. केंद्राचा कायदा तर त्याच्या तीन वर्षं आधीचा. अशा अडथळ्यांसाठी पुढचा भाग.

कायदा वापरता येतो का

मापनातला खरा कस इथे लागतो, कारण इथे तयार आकडे बहुतेक दिशाभूल करतात. इंग्लंड आणि वेल्सच्या पोलिसांनी मार्च 2023 ला संपलेल्या वर्षात लैंगिक कलामुळे झालेले 24,102 द्वेषगुन्हे नोंदवले. ज्या देशात शून्य नोंदले गेले, तो सुरक्षित? तिथे बहुधा नोंदीचा रकानाच नसतो, किंवा तक्रार करायला जाणाऱ्यालाच आत बसवतात. ट्रान्स व्यक्तींच्या हत्यांच्या जागतिक यादीत ब्राझील कायम वर असतो. तिथे हिंसा आहेच, पण ती मोजून मांडणाऱ्या संघटनाही तिथे मजबूत आहेत. तेव्हा गुन्ह्यांच्या संख्येला गुण देऊ नका. त्याऐवजी विचारा: पोलीस ही नोंद वेगळी ठेवतात का, दरवर्षी जाहीर करतात का, आणि त्यातली किती प्रकरणं न्यायालयात गेली हे सांगतात का?

दरडोई प्रमाण काढायचं तर छेदात काय घ्यायचं हाही प्रश्न आहे. भारताच्या 2011 च्या जनगणनेत ‘इतर’ या नोंदीखाली 4,87,803 लोक आले, त्यातले 40,891 महाराष्ट्रात. हा किमान आकडा समजा, त्यावर टक्केवारी उभारू नका. इंग्लंड-वेल्सने 2021 मध्ये हा प्रश्न काळजीपूर्वक विचारला, तरी लिंगभावाच्या प्रश्नाचं वाक्य काहींना, विशेषतः इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना, नीट कळलं नसावं अशी शंका आली आणि 2024 मध्ये त्या आकडेवारीचा दर्जा एक पायरी खाली आणला गेला.

वापराचे प्रश्न सरकारी कचेरीच्या खिडकीपाशी जाऊन लिहा. भारतातल्या ट्रान्स व्यक्तीच्या ओळखपत्राचा अर्ज घ्या. 2020 च्या नियमांनुसार, आपल्या तारखेला म्हणजे 31 डिसेंबर 2024 ला, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, ऑनलाइनही करता येतो. सोबत प्रतिज्ञापत्र लागतं, वैद्यकीय तपासणी लागत नाही, आणि तीस दिवसांत प्रमाणपत्र मिळायला हवं. यातून पाच मोजता येण्याजोग्या गोष्टी निघतात: फी किती, कागद किती, प्रत्यक्षात दिवस किती, नियमात नसलेली वैद्यकीय अट घातली जाते का, आणि अर्ज फेटाळला तर कारण लेखी मिळतं का. भारतात माहिती अधिकाराचा अर्ज टाकून जिल्हावार आलेले, मंजूर आणि तीस दिवसांवर रखडलेले अर्ज मागता येतात. इतर देशांत माहितीचा कायदा नसेल तर तिथल्या तीन-चार कायदेविषयक मदत केंद्रांना हेच पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं वेगवेगळी आली तर ती तशीच नोंदवा.

हे का लागतं ते बांगलादेशात दिसलं. 2013 च्या अखेरीस तिथल्या मंत्रिमंडळाने हिजड्यांना मान्यता दिली, पण कोण हिजडा हे ठरवायची पद्धत लिहिली नाही. 2015 मध्ये सरकारी नोकरीसाठी आलेल्यांना ‘खात्री करायला’ वैद्यकीय तपासणीला बसवलं गेलं आणि अपमानापलीकडे हाती काही लागलं नाही. दक्षिण आफ्रिकेतला धडा वेगळा आहे. तिथे 2006 पासून समलिंगी विवाह आहे, पण त्याच कायद्यातलं कलम 6 सरकारी विवाह अधिकाऱ्याला सदसद्विवेकाच्या कारणाने नकार द्यायची मुभा देत होतं. ते 2020 मध्ये काढेपर्यंत काही ठिकाणी कार्यालय होतं, कायदा होता, पण सही करणारा माणूस नव्हता. नेपाळमध्ये उलट: जून 2023 च्या अंतरिम आदेशानंतरही खालच्या कचेऱ्यांनी नोंदणी नाकारली, आणि पहिलं लग्न 29 नोव्हेंबरला लमजुंग जिल्ह्यातल्या एका गावपालिकेत नोंदलं गेलं.

लोकांच्या अनुभवाची तुलना करायची तर युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेची 2012, 2019 आणि 2023 ची सर्वेक्षणं आहेत. 2023 च्या फेरीत एक लाखाहून थोडे अधिक लोक होते. ती ऑनलाइन आणि स्वेच्छेने भरलेली आहेत, त्यामुळे घरात लपून राहणारे त्यात कमी येतात. एकाच देशाची वर्षावर्षाची दिशा बघायला ती चांगली, दोन देशांमधले दोन-तीन टक्क्यांचे फरक सांगायला नाहीत.

जनमत बाहेर ठेवा. प्यू रिसर्च या अमेरिकी संस्थेच्या 2019 च्या पाहणीत ‘समाजाने समलैंगिकता स्वीकारावी’ असं म्हणणारे भारतात 37 टक्के होते, दक्षिण आफ्रिकेत 54, स्वीडनमध्ये 94. माहिती मोलाची आहे, पण ती शेजाऱ्याची वृत्ती सांगते. आणि राज्यव्यवस्थेला गुण देताना शेजाऱ्याचे गुण मिसळले की कायदा न करणाऱ्या सरकारला ‘लोकच तयार नाहीत’ ही सबब आयती मिळते.

दोन माणसं, स्वतंत्रपणे

प्रत्येक देशाला दोघांनी एकमेकांचं न बघता गुण द्यायचे. मग किती जुळलं ते बघायचं, पण नुसत्या टक्केवारीवर समाधान मानू नका. समजा शंभर हो-नाही रकाने आहेत. दोघांनीही ‘हो’ म्हटलं 13 ठिकाणी, दोघांनीही ‘नाही’ 75 ठिकाणी, फक्त पहिल्याने ‘हो’ 7 ठिकाणी, फक्त दुसऱ्याने 5 ठिकाणी. जुळणी 88 टक्के, छान वाटते. पण बहुतेक उत्तरं ‘नाही’ असल्यामुळे डोळे मिटून भरलं असतं तरी 69 टक्के जुळलंच असतं. योगायोगाचा हा भाग वजा करून येणारा कोहेनचा कप्पा निघतो 0.61. 0.8 च्या वर असेल तर पुढे जा, 0.67 च्या खाली असेल तर प्रश्नाचं वाक्य बिघडलंय असं धरा आणि ते पुन्हा लिहा. वाद तिसऱ्याने मिटवायचा, मधला गुण देऊन नव्हे. 0 आणि 1 यांच्या भांडणातून अर्धा काढणं ही या कामातली सगळ्यात सामान्य लबाडी.

बेरीज

प्रत्येक भागाचे गुण शंभरपैकी करा. आता सहा भागांचा एक आकडा करायचा की नाही, हे आधी ठरवा. बऱ्याचदा सहा आकडेच शेजारी-शेजारी मांडलेले जास्त कामाचे असतात. एक आकडा हवाच असेल तर साधी सरासरी घेऊ नका. तीन भागांचं उदाहरण: एका देशाला 90, 90 आणि 10, साधी सरासरी 63. दुसऱ्याला तिन्हीत 63, सरासरी तीच. गणितात नापास झालेल्याला चित्रकलेच्या गुणांवर वर ढकलण्यासारखं हे झालं. भूमितीय सरासरी (तीन आकड्यांचा गुणाकार करून त्याचं घनमूळ) घेतली तर पहिला देश 43 वर येतो, दुसरा 63 वरच राहतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकाने 2010 मध्ये याच कारणाने पद्धत बदलली. एक्सेलमध्ये जिओमीन हे सूत्र आहे. फक्त एखाद्या भागात शून्य आलं तर ते सूत्र चालत नाही, म्हणून शून्याच्या जागी 1 घ्या आणि तसं केल्याचं तक्त्याखाली लिहा.

भारांक, म्हणजे कुठल्या भागाला किती वजन द्यायचं, ही तुमची मूल्यं, त्यामुळे ते लपवू नका. सुरुवात समान भारांकांनी करा. मग प्रत्येक भागाचा भार दीडपट आणि अर्धा करून क्रमवारी बारा वेळा काढा. जो देश प्रत्येक वेळी दुसरा किंवा तिसरा येतो त्याच्याबद्दल बोला. जो चौथ्यापासून नवव्यापर्यंत उड्या मारतो, त्याचा क्रमांक छापू नका, पल्ला छापा. 2023 पर्यंत मॉरिशस हे असं उड्या मारणारं उदाहरण होतं. मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेल्या या बेटाच्या 2008 च्या समान संधी कायद्यात लैंगिक कल होता, आणि समलिंगी संबंधांना शिक्षा देणारं फौजदारी संहितेचं वसाहतकालीन कलम 250 मात्र 4 ऑक्टोबर 2023 पर्यंत जिवंत होतं. भेदभावाला भार दिला की देश वर, शिक्षेला दिला की खाली.

ज्यांना विचारता त्यांची काळजी

युगांडाच्या 2023 च्या कायद्यात समलैंगिकतेच्या ‘प्रचारा’ला वीस वर्षांपर्यंत कैद आहे. तिथल्या वकिलाने तुमच्या तक्त्यातला एक रकाना तपासून देणंही कोणी या व्याख्येत ओढू शकतं. अशा देशांतल्या माणसांची नावं सामायिक शीटमध्ये कधीच नको, आद्याक्षरंही नकोत. आभाराच्या यादीत कोणाला घ्यायचं ते त्यांनीच, प्रकाशनाच्या आदल्या आठवड्यात पुन्हा विचारल्यावर ठरवावं. सहा महिन्यांपूर्वीची संमती तोवर शिळी झालेली असते. आणि ‘तुमच्या इथे किती लोक लपून राहतात?’ असले प्रश्न विचारूच नका. त्याचं उत्तर तुमच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

प्रकाशन आणि दुरुस्ती

दशांश छापू नका. तीस प्रश्नांच्या तक्त्यात 71.4 आणि 71.9 मध्ये फरक नसतो. क्रमवारीच्या आधी पूर्ण तक्ता द्या, म्हणजे वाचकाला रकाना उघडून कलम बघता येईल. कोणी चूक दाखवली तर तीन गोष्टी मागा: कलम, तारीख, मजकूर. त्या जुळल्या तर रकाना बदला आणि बदलाची नोंद जाहीर ठेवा.

दुसऱ्या वर्षी प्रश्न सुधारावेसे वाटतील, आणि तिथेच तुलना मोडते. रेनबो मॅपवर 2015 मध्ये पहिलं असलेलं ब्रिटन 2025 मध्ये 22 वं होतं. त्यातला काही भाग ब्रिटनच्या घसरणीचा, काही इतर देश पुढे गेल्याचा आणि काही दरम्यान वाढत गेलेल्या निकषांचा; नुसत्या क्रमांकावरून हे तीन वेगळे करता येत नाहीत. म्हणून जुनी फाइल कधीही खोडू नका, नव्या तारखेची नवी फाइल करा. निकष बदललात तर मागची वर्षंही नव्या निकषाने पुन्हा मोजा, आणि तेवढं बळ नसेल तर आलेखावरची रेष त्या वर्षापाशी तोडून दाखवा.